दोनच जागी

हेरलेकरबाईंनी प्लेअर रिक्षातून आणला, मांडीवर,
जुन्या नऊवारीत गुंडाळून.
उशीच्या अभ्र्यात वेगळी, एकच तबकडी.
म्हणाल्या, सुई बदला. बाकी काही नको.
बाकीचं माझंच चुकलंय.

माझं दुकान उद्यमनगरात, दोन लेथच्या मधे.
प्लेअर महिन्याला एखादा येतो,
उरलेले दिवस पंपाच्या मोटरींचे, वार्निशच्या वासाचे.

तबकडी लावली. सव्वीस वर्षांच्या बाई गाऊ लागल्या.
भीमपलास स्वच्छ. मग एक ठुमरी, बरी.
मग शेवटी, लेबलपासून बोटभर, भैरवी,
आणि तिथं सा
सा नव्हता. तापल्या तव्यावर शिंतोडा पडावा
तसं काहीतरी.

'ऐकलंत? पंचेचाळीस वर्षं असाच फाटतो.
मिस्टर म्हणायचे, यमे, शेवटी तुझा दम संपतो.
मग मी गाणं ठेवलंच.'

ठेवलं म्हणजे कुठं, मी विचारलं नाही.

सुई भिंगाखाली धरली. टोक शाबूत.
मग शेजारी बाबालालला विचारलं, जन्म लेथवर गेलाय त्याचा:
कापलंय सरळ रेषेत, आणि वाचणारा हात
एका खुंटीला बांधलाय. काय हुईल?
त्यानं तेलकट बोटानं हवेत कमान काढली.
'मग कुठंतरीच जुळंल की रं. बाकी समदं तिरकं.'

कुठंतरी म्हणजे दोन जागी.
हाताला कोपर द्या, सुई आसाच्या जरा पुढं काढा,
कितीही जीव तोडून बसवा,
दोनच जागी ती खाचेशी अगदी सरळ उभी राहते.
बाकी सगळीकडं थोडी चूक,
पोरांत खाऊ वाटावा तशी वाटून दिलेली.
कारखान्यानं ती नीट वाटली होती.
नंतर कुणीतरी दोन स्क्रू
जिथं आले तिथं आवळले. चार मिलिमीटर मागं.

बाहेरच्या फेरीत ते खपून जातं, तिथं ऐसपैस जागा.
आतल्या फेरीला वेळ तेवढाच, जागा निम्मी,
सूर एकमेकांच्या अंगावर रेललेले,
तिथं तिरकी सुई स-काराच्या भिंती खरवडत जाते.
आणि भैरवी शेवटीच असते.
भैरवी आधी कोण घेतं?

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर दोन बिंदू काढले:
एक मध्यापासून सहासष्ट मिलिमीटरवर,
दुसरा एकशे एकविसाला केसभर कमी.
भोवती बारीक जाळी. स्क्रू सैल, श्वास बंद.
पहिल्या बिंदूला जुळली की दुसऱ्याला हटायची.
दुसऱ्याला जुळली की पहिली रुसायची.
रात्री दहाला दोन्ही जुळले.

दाब मोजायला गुजरीत पारसमल शेठकडं गेलो,
खिशातला काटा मागितला.
'माल काय?'
पावणेदोन ग्रॅम दाब, शेठ. नुसता दाब.
'त्याची पावती कशी करू?' म्हणाले, आणि काटा दिला.

शुक्रवारी बाई आल्या.
सा आला.
नव्या पायताणाची करकर एक दिवस थांबते
आणि ती थांबली हे चार पावलांनी कळतं, तसा.
बारीक खरखर राहिली. पंचेचाळीस वर्षांत
खाच घासलीच होती, ती आता भरणार नाही.
बाबालालनं लेथ बंद केला, हात पुसत उभा राहिला.

बाई डोळे मिटून, एक बोट वर.
दोन आवर्तनं गेली, आणि तानेत
धैवत केसभर चढा लागला. स्पष्ट. निखालस बेसूर.
मी खाली बघितलं.

'हां,' बाई हसल्या. 'हे माझं!
एवढ्या गोंगाटात हे त्यांना कधी ऐकूच आलं नाही.
परत लावा.'

हात उचलून मागं नेला.
तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.
प्रत्येक वेळी धैवताच्या आधी त्यांचं बोट थांबायचं,
आणि ओठ, आवाज न करता, तो जरा खाली घ्यायचे.

सुई बदललीच नव्हती, म्हणून दीडशे घेतले.
जाताना पत्रिकेचा तुकडा मागून नेला.